बुवांच्या घरची पेटी: घडीची हार्मोनियम घ्यावी का?

तालुक्याच्या गावात कीर्तनकाराच्या घरी वाढणाऱ्या मुलाला पेटी शिकायची की नाही, हे कुणी विचारत नाही. बुवा उभे राहून बोलणार आणि गाणार, मागे टाळकरी, बाजूला पखवाज किंवा तबला. पेटीवर बसणारा साथीदार प्रत्येक तारखेला मोकळा मिळेलच असं नाही. ती जागा मग घरातल्या मुलाकडे किंवा मुलीकडे येते, बहुधा दहाव्या-बाराव्या वर्षी. म्हणून या घराने घ्यायची पेटी क्लासला जाणाऱ्या मुलाच्या पेटीपेक्षा वेगळ्या कसोटीवर निवडावी लागते. क्लासची पेटी एका कोपऱ्यात राहते. ही एसटीच्या मागच्या सीटखाली, टमटममध्ये आणि वेळ आली तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतही जाते. सप्ताहाच्या मांडवात धुळीत बसते आणि रात्री बाराला पुन्हा घरी येते.

इथे विचार केलाय तो घडीच्या पेटीचा, म्हणजे झाकण लावलं की सुटकेससारखी दिसणारी आणि वर हँडल असलेली. दुहेरी सूर (प्रत्येक पट्टीला पितळी जिभेचे दोन सूर: जाड खर्ज आणि त्याच्या वरचा नर), ३९ किंवा ४२ पट्ट्या, हाताचा भाता. मत आधीच सांगून टाकतो: घ्यावी. पण स्केल चेंजर (पट्ट्यांची चौकट सरकवून सूर चढवण्या-उतरवण्याची सोय) असलेली घेऊ नये, आणि घडीचे सांधे तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पहिली कसोटी वजनाची. दुकानात पेटी टेबलावर असते, तिथे वजन कळत नाही. हँडल धरून उचला आणि मुलाला दुकानातून बाहेर रस्त्यापर्यंत नेऊ द्या. साधी दुहेरी सुरांची घडीची पेटी बारा वर्षांच्या पोराला दोन्ही हातांनी उचलता येते, एका हाताने लांब नेता येत नाही. स्केल चेंजरवाली त्याहून बरीच जड, कारण आत सगळी स्वरपट्टी सरकवणारी आणखी एक चौकट असते. हँडल स्क्रूने प्लायवूडमध्ये बसवलेलं असेल तर ते कधीतरी हातात येणारच. आरपार नट-बोल्ट आणि आतून पत्र्याची पट्टी टाकून मागा. दुकानदार कुरकुर करेल, पण हे काम अर्ध्या तासाचं आहे.

दुसरी कसोटी घडीची. झाकण काढल्यावर स्वरपट्टीचा वरचा भाग दोन्ही बाजूंनी धरून वर ओढायचा, बाजूच्या खिट्या बसल्याचा खटका ऐकू यायला हवा. आता पट्ट्यांच्या दोन्ही टोकांवर तळहात ठेवून आळीपाळीने दाबा. वरचा भाग जराही डुलला तर पेटी तिथेच सोडा. आज डुलते ती वर्षभरात खडखडायला लागते, आणि मग वारा सांध्यांतून निसटतो. भाता आणि वरचा भाग जोडणारं चामडं किंवा कापड दर घडीला दुमडतं. घडीच्या पेटीचं हेच सगळ्यात कच्चं अंग. टॉर्च पाडून दुमडीच्या रेषेवर भेगा आहेत का ते बघा. जुन्या पेटीत वरून रंगाचा हात मारून त्या लपवलेल्या असतात.

मग वाऱ्याची परीक्षा. समोरचे सगळे खटके (ओढून सूर उघडायच्या खुंट्या) आत ढकला, भाता भरा आणि हात सोडा. मनात सावकाश दहा मोजेपर्यंत आतला भाता बसता कामा नये. नंतर एकच खटका उघडून एकच पट्टी धरा आणि पुन्हा न भरता सूर किती टिकतो ते ऐका. मुलाच्या दृष्टीने ही परीक्षा सुरांच्या गोडीपेक्षा मोठी आहे. गळक्या पेटीवर शिकलेलं पोर भाता सतत धपाधप मारायला शिकतं. ती सवय पुढे चांगल्या पेटीवरही जात नाही, आणि माइकवर भात्याचा तो आवाज सगळ्या मांडवाला ऐकू जातो. भाता सुराला भरायचा नसतो, दमाला भरायचा असतो. ओळ संपता संपता सावकाश एक भरण, ठेक्याशी संबंध नाही. उगाच ठासून भरला तर खर्जाचे सूर किंचित उतरतात, तेही कानाला लागतं.

सूर तपासताना फोनवरचा ट्यूनर लावा. मधल्या सप्तकातली पांढरी सहा (पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या प्रत्येक सप्तकात डावीकडून वेगवेगळ्या मोजतात) ४४० हर्ट्झच्या जवळ असावी. कीर्तनाला दोन-तीन हर्ट्झ इकडे-तिकडे चालतं, पण बाकीच्या सगळ्या पट्ट्या त्याच हिशेबात हव्यात. एका खटक्यावर सगळ्या पट्ट्या वाजवा, मग दुसऱ्यावर, मग दोन्ही एकत्र. एकत्र वाजवताना सूर लाटेसारखा डुलला तर त्या जोडीतला एक उतरलेला आहे. गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर लावलेत असं बहुतेक दुकानदार सांगतील. पालिताण्याचं नाव या धंद्यात खरोखरच मोठं आहे, पण पाटीपेक्षा कानावर विश्वास ठेवा.

आता स्केल चेंजर. बुवा काळी दोनमध्ये, म्हणजे त्या पट्टीला सा धरून, गातात, सप्ताहाच्या चौथ्या दिवशी घसा बसतो आणि पांढरी दोनवर यावं लागतं. स्केल चेंजरचा दांडा सरकवला की बोटं तीच आणि सूर खाली, म्हणून ती पेटी सोयीची वाटते. पण कीर्तन चालू असताना पट्टी, म्हणजे गाण्याचा सा, बदलताच येत नाही, कारण पखवाज आधीच त्या षड्जाला लावलेला असतो. डाव्या बाजूची कणीक आणि उजवीकडचे गठ्ठे मध्येच कोण ठोकत बसणार? पट्टी ठरते ती कीर्तनाला उभं राहण्याआधी, घसा साफ करून एकदा वरचा षड्ज लावून बघितल्यावर. तेवढ्या वेळात मुलाची बोटं बदलू शकतात.

आणि बोटं बदलणं वाटतं तितकं अवघड नाही. गजराच्या कितीतरी चाली भूप रागाच्या अंगाने जातात, सा रे ग प ध. काळी एकमध्ये भूप म्हणजे काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी चार, काळी पाच. पांढरी दोनमध्ये पांढरी दोन, पांढरी तीन, काळी तीन, पांढरी सहा, पांढरी सात. काळी दोनमध्ये काळी दोन, पांढरी चार, पांढरी पाच, काळी पाच आणि वरची पांढरी एक. काळी तीनला तर पाचही सूर पाची काळ्यांवर, बोट घसरायला जागाच नाही. म्हणून लहान मुलाला पहिला धडा काळी तीनमधून द्यावा असं आमचं मत आहे, घरातला गळा त्या पट्टीचा नसला तरी. पुरुष कीर्तनकार बहुधा पांढरी एक ते काळी दोन या टापूत गातात, स्त्री कीर्तनकार काळी चार-पाचच्या आसपास. म्हणजे एका घराला रोजच्या वापरात तीन पट्ट्या पुरतात. त्या तीन बोटांत बसल्या की दांड्याची गरज उरत नाही. स्केल चेंजरवर तीन वर्षं वाजवलेलं मूल दुसऱ्याच्या साध्या पेटीवर बसलं की अडतं, आणि गावोगावच्या मंदिरात ठेवलेली पेटी साधीच असते.

घरातल्या मुलाचा आवाज बारा ते चौदाच्या दरम्यान फुटतो, तेव्हा त्याची स्वतःची पट्टी काही महिने कुठेच नसते. या काळात बरीच घरं मुलाला टाळावर बसवतात आणि पेटी बंद करतात. उलट करावं. गाता येत नाही तेव्हा हात तयार होतो.

खटक्यांबद्दल एक सावधगिरी. समोरच्या खटक्यांतले काही सुरांच्या रांगा उघडणारे असतात आणि काही नुसता एक आधारसूर धरून ठेवणारे. आधारसुरांचे खटके बहुतेक पेट्यांत काळ्या पट्ट्यांचेच देतात. पांढरी दोनमध्ये गाणाऱ्या बुवांना त्यांचा काही उपयोग नाही, वर तिथून वारा गळतो तो वेगळाच. खटके जास्त म्हणून पेटी भारी, असं समजू नका. तीच गोष्ट कपलरची: एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली आपोआप दबते, आवाज भरदार होतो. पण मुलाच्या बोटांवर जोर दुप्पट पडतो आणि तारा ढिल्या झाल्या की खडखड सुरू. न घेतलेला बरा.

मांडवात पेटीला खरा धोका पावसापेक्षा बुक्क्याचा. अबीर-बुक्का लावायला माणसं रांगेने येतात, पेटीवर बसलेलं पोर डोकं पुढे करतं आणि बोटाच्या चिमटीतून पडलेला बुक्का सरळ पट्ट्यांच्या फटीत जातो. भुकटी बारीक असते, सुराच्या जिभेत आणि चौकटीत अडकते आणि सूर मुका होतो. फुलांच्या पाकळ्या आणि अक्षता त्यामानाने गरीब, हलवल्या की निघतात. उपाय साधा आहे. बुक्का लावायला माणूस आला की हात पट्ट्यांवरून काढायचा आणि उपरणं टाकायचं. ही शिस्त मुलाला पहिल्या दिवशी लावा. गावात बुवांच्या मुलाला नाही म्हणता येत नाही, पण उपरणं टाकण्याला कुणी हरकत घेत नाही.

मुका सूर घरी काढता येतो. वरची जाळी काढा, स्वरपट्टीचे स्क्रू सोडवून सुरांची फळी उघडा आणि मुकी पट्टी मोजून तिचा सूर शोधा. जीभ आणि चौकट यांच्यामध्ये पातळ कागदाची पट्टी लांबीच्या दिशेने एकदा फिरवा, ब्लेडच्या टोकाने जीभ अगदी हलकी उचलून सोडा. खाली दाबायची नाही, तोंडाने फुंकायचं नाही. थुंकीने पितळ काळं पडतं. करकर आवाज येत असेल तर जीभ चौकटीला घासते आहे, ती मधोमध आणावी लागते. सूर एकाएकी बराच उतरला तर रिव्हेटजवळ जिभेला तडा गेलेला असण्याची शक्यता मोठी, आणि तो सूर बदलायचाच. जुळवून घेतला तरी आठवडाभर टिकत नाही. सूर चढवायला जिभेच्या टोकाकडे घासतात, उतरवायला मुळाकडे. पण हे काम कारागिराचं. पोराने यूट्यूब बघून कानस हातात घेतली तर दहा मिनिटांत सप्तक बिघडतं.

दुसरा नेहमीचा बिघाड म्हणजे पट्टी न दाबता सूर वाजत राहणं. कारण तीनच: पट्टीच्या मागच्या, भोक झाकणाऱ्या गादीच्या चामड्यावर कचरा, तार ढिली, किंवा पावसाळी हवेने लाकूड फुगून पट्टी अडकलेली. आधी ती पट्टी तीन-चारदा जोरात दाबून सोडा, कचरा असेल तर झडतो. नाही थांबलं आणि कीर्तन सुरू आहे, तर पट्टीच्या पुढच्या टोकाखाली कागदाची जाड घडी सारा. पुढचं टोक वर गेलं की मागची गादी खाली दाबते आणि भोक बंद होतं. तो सूर त्या दिवसापुरता गेला, पण बुवांच्या आख्यानात भलताच निषाद तासभर किरकिरण्यापेक्षा बरं. पेटीच्या पिशवीत कागद, छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि मऊ ब्रश कायम हवा.

घडी घालताना मुलं घाई करतात, आणि सगळ्यात जास्त पेट्या तिथेच फाटतात. क्रम असा: एक खटका उघडा ठेवून दोन-तीन पट्ट्या दाबून धरायच्या, भात्यातला वारा पूर्ण जाऊ द्यायचा, बाहेरचा भाता बंद करून अडकवायचा, मग खिट्या सोडून वरचा भाग दोन्ही बाजूंनी सारखा खाली बसवायचा, आणि शेवटी सगळे खटके आत. वारा कोंडलेला असताना दाबलं तर शिवण उसवते. प्रवासात पेटी आडवी, बुडावर ठेवा. एसटीच्या अगदी मागच्या सीटवर दणके जास्त बसतात आणि सुरांच्या फळीचे स्क्रू सैल होतात, म्हणून शक्यतो मधली जागा धरा.

देखभालीचा काळ कीर्तनाच्या पंचांगावरून ठरवावा. तुकाराम बीज, नाथषष्ठी, मग रामनवमी आणि हनुमान जयंती, सगळं मार्च-एप्रिलमध्ये येतं आणि शाळेच्या परीक्षाही तेव्हाच. पेटी जानेवारीतच कारागिराकडून आणून ठेवली नाही, तर दहावीतलं पोर अभ्यास सोडून स्क्रू पिळत बसतं. खरं म्हणजे दहावीच्या वर्षी त्या दोन महिन्यांसाठी पैसे मोजून साथीदार ठरवावा. बिदागीतून ते परवडत नाही असं घरात म्हटलं जातं. पण एरवी मूल फुकट वाजवतं म्हणून परवडतं, हेही तितकंच खरं. मुलाच्या नावाने साथीदाराचा वाटा बाजूला ठेवण्याची पद्धत काही घरांत आहे, ती सगळ्यांनी उचलावी अशी आहे. पावसाळ्यात पेटी भिंतीला टेकवू नका, फळीवर ठेवा, आत कापराच्या वड्या कापडात बांधून टाका. उंदराला भात्याचं चामडं आवडतं, त्याला कापूर पुरत नाही. झाकण लावून खिट्या बंद हव्यात.

उसनी देण्याचा प्रश्न येणारच. छोट्या गावात बुवांची पेटी गावाचीच समजतात. गणपतीत, भजनी मंडळाला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला मागणी येते. द्यायची असेल तर वाजवणाऱ्यासकट द्या, म्हणजे घरचं मूल सोबत पाठवा. नुसती पेटी गेली तर ती एखादी पट्टी तुटून येते आणि भरपाई मागायची कुणाची छाती होत नाही.

कानाबद्दल एक गोष्ट विकणारा सांगत नाही. पेटीतले बाराही सूर समान अंतरावर लावलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा लागतो. १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, त्यामागे अशाही तक्रारी होत्या. टाळ-पखवाजाच्या कल्लोळात हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. पण ज्या मुलाला पुढे गायचं आहे, त्याने रियाज तंबोऱ्यावर किंवा तंबोऱ्याच्या ॲपवर करावा, पेटी दाबून नव्हे.

ख्रिस्ती पाळकांच्या घरासाठी मात्र ही शिफारस जशीच्या तशी चालत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांसारख्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तन रुजवलं. त्या भजनांना ही पेटी उत्तम. पण पाश्चात्त्य चालीची गीतं चार आवाजांत वाजवायची तर दोन्ही हात पट्ट्यांवर हवेत, आणि हाताचा भाता एक हात अडकवून ठेवतो. उजव्या हाताने चाल आणि खाली फार तर एक-दोन सूर, एवढंच जमतं. चर्चमध्ये पायाने भाता हाकायची पायपेटी असेल तर मुलाला तिच्यावरच बसवा, पाय पोहोचत नसतील तर पाय पोहोचेपर्यंत थांबा. घरोघरच्या प्रार्थनेसाठी घडीची पेटी आणि रविवारी पायपेटी, अशी वाटणी ठीक.

बैठकीचं शेवटचं. दहा वर्षांच्या मुलासाठी चौघडी सतरंजी खाली घालून उंची करा. उजवं कोपर पट्ट्यांच्या पातळीला यायला हवं, नाहीतर मनगट लटकतं आणि तासाभरात दुखतं. माइक पेटीच्या जाळीसमोर वीतभर अंतरावर, भात्याच्या बाजूला नाही. बुवा निरूपण करत असताना फक्त षड्ज-पंचम हलके धरायचे आणि नर बंद करून एकट्या खर्जावर यायचं. हा खटका मुलाने बुवांकडे बघत, पट्ट्यांकडे न बघता, दाबता यायला हवा. दुकानात तोही करून बघायला लावा: काही पेट्यांचे खटके इतके घट्ट असतात की दोन्ही हात लागतात, आणि तेवढ्यात ओवी सुरू झालेली असते.